चेहऱ्याचं कर्ज

आम्ही बचत गटाच्या बायका आज पुन्हा तुमच्या भेटीला आलोय. आमच्यातली समन्वयक तेवढी माईकसमोर बसली आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे. गॅसवर काही ठेवलं असेल तर आच मंद करा आणि रेडिओ जरा जवळ ओढा. विषय कर्जाचाच आहे. पण शेळीचं नाही, शिलाई मशीनचं नाही, पिठाच्या गिरणीचंही नाही. आज आम्ही चेहऱ्याच्या कर्जाबद्दल बोलणार आहोत.

झालं असं. आषाढातली बैठक होती. बचत गोळा झाली, पासबुकं भरून झाली, इतिवृत्त वाचून झालं. कर्जमागणीचा विषय आला, तेव्हा एका ताईंनी खाली मान घालून सांगितलं, "मला पंचेचाळीस हजार पाहिजेत." कशासाठी, म्हणून विचारलं तर बोलेनात. त्यांची लेक शेजारीच बसली होती, बारावी झालेली. तीच म्हणाली, "माझ्या नाकाच्या ऑपरेशनसाठी."

आम्हाला वाटलं, नाकाचं हाड वाढलं असेल, श्वास कोंडत असेल. तसं काही नव्हतं. तिला नाक सरळ आणि बारीक करून घ्यायचं होतं. मग कळलं, की पोरगी रात्री मोबाईलवर चिनी मालिका बघते. हिंदी आवाज दिलेल्या मालिका आता फुकट बघायला मिळतात. त्यात दवाखान्याच्या मालिका असतात आणि चेहरा बदलणाऱ्या डॉक्टरांच्याही असतात. हिरवे कपडे, मोठे दिवे, काचेच्या इमारती. शेवटी पट्टी सुटते, हातात आरसा दिला जातो आणि बाई रडत रडत हसते. आम्हीसुद्धा दोन भाग बघितले. खोटं कशाला सांगावं, आमचेही डोळे भरून आले.

पण त्या दिवशी बैठकीत काय झालं, तेही सांगायला पाहिजे. आम्ही हसलो. एक आक्का म्हणाल्या, "अगं, नाकाला भोक पाडून चमकी घाल, दोनशे रुपयांत काम होईल." सगळ्याजणी खो खो हसल्या. पोरगी उठून गेली. तिची आई आम्हाला नंतर म्हणाली, "तुम्ही हसलात. पण दोन ठिकाणची पाहुणे मंडळी येऊन गेली. दुसऱ्या घरच्या बाईनं निघताना उंबऱ्यातच म्हटलं, की पोरगी कामाची आहे, पण नाकाडोळ्यांत कमी आहे. पोरीनं ते ऐकलं." मग आमचं हसू आमच्याच तोंडात कडू झालं. नाकाची मागणी पोरीची होती, पण ते नाक वाईट आहे हे तिला शिकवलं आपल्यासारख्याच एका बाईनं.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट घडली. आमच्या गटात एक वहिनी आहेत. नऊ वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडून त्यांची मान आणि छाती भाजली. जीव वाचला, जखमा भरल्या. पण भरताना कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली. त्यांना मान वर करता येत नाही, डावीकडे पूर्ण वळवता येत नाही. पदर कायम गळ्याभोवती. सही करताना त्या कागद पार खाली मांडीवर घेतात. आम्ही इतकी वर्षं तसंच बघत आलो, त्यामुळे आम्हाला ते दिसेनासंच झालं होतं. बैठक मोडल्यावर सतरंजी झटकताना त्या हळूच म्हणाल्या, "ते शिरियलमधले डॉक्टर जळालेली मान सोडवतात का हो?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आणि लाज याची वाटली, की नऊ वर्षांत तो प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. म्हणून ठरवलं, या विषयाची नीट माहिती काढायची. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमना भेटलो, तालुक्याच्या वाचनालयात बसलो, फोनवर शोधलं. चीनमधल्या मालिकेवरून गोष्ट सुरू झाली होती, म्हणून चीनमध्ये खरोखर काय चालतं तेही वाचलं. ते आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्दापासून सुरुवात करू. आमच्यातल्या निम्म्या बायकांना वाटायचं, प्लास्टिक सर्जरी म्हणजे आत प्लास्टिक बसवतात. बादली-मगाचं जे प्लास्टिक, तेच. तसं नाही. हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ आकार देणे, घडवणे. कुंभार मातीला आकार देतो, तसा. यात बहुतेक वेळा आपलीच कातडी, आपलंच मांस, आपलंच कूर्चेचं हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी लावतात. चिनी भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. एक झेंगशिंग, म्हणजे बिघडलेला आकार नीट करणं. दुसरा झेंगरोंग, म्हणजे रूप नीट करणं. मैत्रिणींनो, आजची सगळी गोष्ट या दोन शब्दांमधली आहे. वहिनींची मान पहिल्या शब्दात बसते, पोरीचं नाक दुसऱ्या.

चीनमध्ये या शास्त्राची सुरुवात पहिल्या शब्दापासून झाली. सोंग रुयाओ नावाचे एक डॉक्टर होते. ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ही विद्या शिकले आणि १९४८ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतर दोन वर्षांत कोरियाचं युद्ध सुरू झालं. बॉम्बनी होरपळलेले, जबडा फुटलेले, हात आखडलेले सैनिक परत येऊ लागले. सोंग आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले. पुढे १९५७ मध्ये बीजिंगमध्ये फक्त प्लास्टिक सर्जरीचं एक सरकारी रुग्णालय उभं राहिलं. त्याच्या स्थापनेत सोंग यांचा मोठा वाटा. शहराच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी, बादाचू नावाच्या जुन्या देवळांच्या भागात ते आजही आहे. तिथे तेव्हा कोणी नाक बारीक करायला येत नव्हतं. येत होते ते भाजलेले, कापलेले, जन्मतः ओठ फाटलेले लोक.

दुसरी गोष्ट शांघायची. १९५८ सालच्या मे महिन्यात तिथल्या पोलाद कारखान्यात वितळलेलं पोलाद अंगावर उडून चिऊ त्साइखांग नावाचा कामगार भाजला. अंगाची ८९ टक्के कातडी जळाली होती. त्या काळात इतकं भाजलेलं माणूस जगतं, असं जगातली मोठमोठी पुस्तकंही मानत नव्हती. शांघायच्या ग्वांगत्सी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि नर्सनी रात्रंदिवस झटून त्याला वाचवलं. जळालेल्या भागावर कातडी लावली. तो माणूस जगला आणि पुढे कितीतरी वर्षं जगला. या घटनेवर १९५९ मध्ये चीनमध्ये एक चित्रपट निघाला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, की माणसांच्या जगात वसंत भरून आला. दिग्दर्शक सांग हू, आणि बाई यांग ही तेव्हाची फार मोठी नटी त्यात होती. चित्रपट सरकारी प्रचाराच्या काळातला, त्यामुळे त्यात भाषणं आणि घोषणा यायच्याच. पण आम्हाला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटली. कातडीच्या डॉक्टरांवरच्या त्या जुन्या चित्रपटात प्रश्न एवढाच होता, की हा माणूस जगेल का आणि पुन्हा उभा राहील का. तो सुंदर दिसेल का, असं कोणी विचारत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याकडे काय? तर ऐका. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक नव्यानं घडवण्याची कृती लिहिलेली आहे, हे शाळेत ऐकलेलं असतं. पण याचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैलगाड्या हाकत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक करून दिलं. तो माणूस पदवीचा डॉक्टर नव्हता, विटा बनवणाऱ्या जातीतला होता. त्यानं मेणाचं नाक करून मापाला लावलं, ते मेण कपाळावर पसरून तेवढी कातडी आखली, ती सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. कातडीची एक बाजू जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त चालू राहतं. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह ती हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टरांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीचं नाक आजही तसंच करतात आणि जगभर त्याला भारतीय पद्धत म्हणतात. कावसजीचं नाव उरलं. ज्याच्या हातात ती कला होती, त्याचं नाव मात्र त्या लेखात आलंच नाही. आमच्या आक्का यावर म्हणाल्या, "हातानं काम करणाऱ्याचं नाव कधी कुठं लागतं?"

आता आजच्या चीनकडे येऊ. लोकांच्या हातात पैसा आला आणि दुसरा शब्द पुढे आला. रूप नीट करणं. आता त्यालाही नवीन नाव मिळालंय, यीमेई, म्हणजे वैद्यकीय सौंदर्य. मोठमोठी दुकानं वाटावीत असे दवाखाने निघाले. सर्वांत जास्त काय करून घेतात, तर पापणी. चीनमधल्या पुष्कळ लोकांच्या पापणीला घडी नसते. ती घडी पाडून डोळा मोठा दाखवायचा. आपल्याकडे बारावीनंतर सीईटीची धावपळ असते. तिथे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात मुलींची या दवाखान्यांत गर्दी होते, कधी आईबापच घेऊन येतात. का? कारण तिथे नोकरीच्या अर्जाला फोटो लावण्याची पद्धत आहे आणि रूप हीसुद्धा एक पात्रता आहे असं लोक उघड मानतात. यासाठी रोजच्या बोलण्यात एक शब्दच तयार झाला, यानझी. म्हणजे चेहऱ्याचे गुण, परीक्षेत मिळतात तसे मार्क. कोणाला नव्वद, कोणाला साठ. आपल्याकडे असा शब्द नाही, पण मार्क तर आपणही देतोच. उंबऱ्यात उभं राहून देतो.

मालिकेत पट्टी सुटते तेव्हा बाई सुंदर झालेली असते. प्रत्यक्षात नेहमी तसं होत नाही. वांग बेई नावाची एक तरुण गायिका होती. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून ती लोकांना माहीत झाली होती. १५ नोव्हेंबर २०१० रोजी वुहान शहरात जबड्याचं हाड घासून चेहरा निमुळता करण्याच्या शस्त्रक्रियेत ती दगावली. वय होतं २४. गाव लियू नावाची अभिनेत्री. तिनं ग्वांगझू शहरात नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. नाकाच्या शेंड्याची कातडी मेली, काळी पडली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिनं स्वतःचे तसले फोटो लोकांसमोर ठेवले. लपवून बसली नाही. चौकशी झाली, दवाखान्याला ४९ हजार युआन दंड झाला, डॉक्टरचं काम सहा महिन्यांसाठी थांबवलं गेलं. पण तिच्या नाकाचा शेंडा त्या दंडानं परत येणार नव्हता. हातातली कामंही गेली. ही तर नावाजलेली बाई. तिचं ऐकलं गेलं. फॅक्टरीत काम करणाऱ्या मुलीचं कोण ऐकणार?

आणि आता आमच्या कामाचा मुद्दा, कर्ज. चीनमध्ये या सगळ्यासाठी एक खास कर्ज निघालं. त्याचं नावच सौंदर्य-कर्ज. हातात पैसे नाहीत? काळजी नको. ओळखपत्र दाखवा, मोबाईलवर अंगठा लावा, ऑपरेशन आज, हप्ते उद्यापासून. तिथे घडलेला एक फसवणुकीचा प्रकार तर आम्ही तोंडात बोट घालून वाचला. कामाच्या शोधात शहरात आलेल्या मुलीला नोकरीची जाहिरात दिसते. मॉडेलचं काम, मोबाईलवर बोलून माल विकायचं काम, पगार भरपूर. मुलाखतीला गेली की सांगतात, तू पसंत आहेस, फक्त नाक आणि डोळे थोडे करून घे. पैसे नाहीत? आमच्याच ओळखीचा दवाखाना, आमच्याच ओळखीची कर्ज कंपनी. पगारातून हप्ता जाईल. पोरगी सही करते. ऑपरेशन होतं. नोकरी मिळत नाही, नाहीतर महिनाभरात सुटते. हप्ता मात्र सुटत नाही. दवाखान्यानं पैसे घेतले, दलालानं वाटा घेतला. पोरीकडे उरला दुखरा चेहरा आणि कर्जाचं पुस्तक.

हे इतकं वाढलं, की तिथल्या सरकारला हात घालावा लागला. २०२१ च्या जूनमध्ये आठ सरकारी खात्यांनी मिळून बेकायदा सौंदर्य-दवाखान्यांविरुद्ध मोहीम काढली. सप्टेंबरमध्ये रेडिओ आणि टीव्हीवर सौंदर्य-कर्जाच्या जाहिराती लावायला बंदी आली. नोव्हेंबरमध्ये जाहिरातींसाठी नियम काढले. त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. लोकांच्या मनात स्वतःच्या रूपाबद्दल धास्ती निर्माण करून धंदा करायचा नाही. रूप कमी म्हणजे आळशी, सुंदर म्हणजे यशस्वी, असं सुचवायचं नाही. नियम आला म्हणून सगळं थांबलं, असं कोणी समजू नये. पण सरकारी कागदावर रूपाची धास्ती हा शब्द यावा, हे आम्हाला मोठं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं, की निदान ते दुखणं आहे हे तरी मान्य होतं.

हे सगळं घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला बसलो. पोरीला मुद्दाम बोलावलं. आधी सगळ्यांच्या वतीनं माफी मागितली. ज्या आक्का चमकीचं बोलल्या होत्या, त्यांनीच मागितली. मग तिला म्हटलं, तुझ्याकडे ज्या दवाखान्याची जाहिरात आहे ती दाखव, आपण मिळून तपासू. चीनमध्ये लोकांना तीन गोष्टी तपासायला सांगतात. दवाखान्याला परवाना आहे का, डॉक्टर त्याच विषयाचा आहे का, औषध आणि सामान मान्यताप्राप्त आहे का. आपल्याकडेही हेच विचारायचं. आपल्याकडे एमबीबीएसनंतर सर्जरी शिकून, त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी केलेला डॉक्टर हा खरा प्लास्टिक सर्जन. महाराष्ट्रात त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पोरीनं आमच्यासमोर फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलत होती. नोंदणी क्रमांक विचारला, तर म्हणाली, "आधी बुकिंग करा, मग सर येऊन सांगतील." पोरीनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा फोन कट झाला.

मग हप्त्याचा कागद काढला. पंचेचाळीस हजारांचं काम, चोवीस हप्ते, एक हप्ता २,७०० रुपये. फळ्यावर गुणाकार केला. ६४,८०० रुपये. म्हणजे वरचे १९,८०० रुपये व्याजाचे, आणि फाईलचा खर्च वेगळा. वर 'फक्त नव्वद रुपये रोज' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. आमच्या एका मावशींचा दिवसभर खुरपण्याचा रोज त्यांनी मनातल्या मनात मोजला आणि म्हणाल्या, "दोन वर्षं रोज सकाळचं काम नाकाला द्यायचं म्हणजे."

गटानं ते कर्ज दिलं नाही. पण नकार देताना आम्ही पोरीला सुंदर दिसण्याची हौस पाप आहे, असं सांगितलं नाही. आम्हीही हळदीकुंकवाला नटतोच की. आम्ही म्हटलं, उद्या तू कमावती झालीस, खऱ्या डॉक्टरला भेटलीस, धोका समजून घेतलास आणि स्वतःच्या पैशानं करायचं ठरवलंस, तर तो तुझा प्रश्न. पण कोणीतरी उंबऱ्यात बोललं म्हणून आईच्या नावावर कर्ज काढून भूल घ्यायची नाही. पोरगी खूश झाली, असं आम्ही म्हणणार नाही. ती अजूनही आरशात नाकाला बोट लावून बघते, असं तिची आई सांगते. मनातली गोष्ट एका बैठकीत जात नाही.

आता वहिनींचं ऐका. डॉक्टर मॅडमनी त्यांची मान बघितली आणि म्हणाल्या, "याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. हे सोडवता येतं. इतके दिवस का आला नाहीत?" वहिनी म्हणाल्या, "जीव वाचला तेव्हाच सगळं संपलं असं वाटलं. वर आणखी काय मागायचं?" मॅडमनी चिठ्ठी देऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं. घरातून आधी नकार होता. सासूबाई म्हणाल्या, आता या वयात कोणाला दाखवायचंय. तेव्हा आम्ही चौघी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि सांगितलं, दाखवायला नाही, विहिरीवरून घागर उचलताना पुढचं दिसायला पाहिजे म्हणून. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "न्या."

शस्त्रक्रिया झाली. आखडलेली कातडी कापून मान मोकळी केली आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. योजनेत बसल्यामुळे ऑपरेशनला पैसे लागले नाहीत. जाण्यायेण्याला, जेवणाला आणि बुडालेल्या मजुरीला लागले. त्यासाठी गटानं सहा हजारांचं कर्ज दिलं, नेहमीच्या व्याजानं. रुग्णालयात कोणीतरी सोबत राहायला पाहिजे होतं. आळीपाळीनं आम्ही राहिलो. एक आठवडा ती पोरगी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं.

पट्टी सुटली तेव्हा मालिकेसारखं काही झालं नाही. नवीन कातडी ठिगळासारखी दिसत होती, रंग वेगळा, कडा लाल. वहिनींनी आरसा मागितलाच नाही. पुढे कित्येक महिने मानेला पट्टा, तेलाची मालीश, सकाळ-संध्याकाळ व्यायाम. तो टाळला तर कातडी पुन्हा आखडते. त्यांनी टाळला नाही. पंधरा दिवसांपूर्वीच्या बैठकीत त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवूनच सही केली. आणि निघताना पत्र्याकडे बघून म्हणाल्या, "इथं वर पाकोळीचं घरटं आहे की. कधीपासून आहे?" आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. खरंच होतं. आम्हालाही माहीत नव्हतं.

आता जाता जाता कामाच्या चार गोष्टी. लिहून घ्या, नाहीतर घरातल्या शाळकरी पोराला लिहायला सांगा.

एक. कोणी भाजलं तर लगेच भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कपड्यानं झाकून दवाखान्यात न्या.

दोन. जखम भरली म्हणजे उपचार संपला, असं नाही. मान, बोटं, काख, कोपर, गुडघा या जागा भाजल्या असतील तर तिथली कातडी आखडू शकते. पट्टा, व्यायाम आणि दाब देणारे कपडे याबद्दल डॉक्टरांना पहिल्यापासून विचारा. मान भाजली असेल तर डोक्याखाली उशी द्यायची नाही. आणि आखडून वर्षं झाली असली, तरी एकदा दाखवाच.

तीन. बाळाचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली असेल, तर तो ग्रहणाचा दोष नाही आणि आईचा तर मुळीच नाही. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांनंतर करतात. टाळूची नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान, म्हणजे बोलायला लागताना अडचण येत नाही. वाट बघत बसू नका.

चार. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत. कोणती शस्त्रक्रिया बसते, ते योजनेच्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. नुसतं सुंदर दिसण्यासाठीचं ऑपरेशन यात बसत नाही.

आमच्या ग्रामसंघानं मागच्या महिन्यात दोन ठराव केले. पहिला असा, की आपापल्या वाडीवस्तीत भाजून आखडलेली, ओठ फाटलेली, घरात लपून राहणारी जी कोणी माणसं असतील त्यांची यादी करायची आणि त्यांना दवाखान्यापर्यंत सोबत करायची. आतापर्यंत अकरा नावं झाली. त्यातली आठ बायकांची आहेत.

दुसरा ठराव छोटा आहे, पण पाळायला अवघड. मुलगी बघायला गेलो, की घरात असो वा उंबऱ्यात, तिच्या नाकाडोळ्यांवर, रंगावर, उंचीवर एक शब्द बोलायचा नाही. जी बोलेल तिला दहा रुपये दंड. गेल्या महिन्यात तीस रुपये जमले. त्यातले दहा आक्कांचे आहेत, हे त्यांच्या परवानगीनं सांगतोय.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही खाली मान घालून बसणारी कोणी असेल. ती का मान वर करत नाही, हे आज एकदा विचारून बघा. पुढच्या भेटीत आम्ही हंगामाच्या बियाण्यांच्या खरेदीबद्दल बोलणार आहोत. तोपर्यंत बचत चालू ठेवा, बैठक चुकवू नका. नमस्कार.